एका गिटारची झीज

वाद्य जुने झाले की दोन प्रकारचे पारखी त्याच्याभोवती जमतात. वाजविणारा असतो तो तार छेडून पाहतो. संग्रह करणारा असतो तो भिंग लावून पाहतो. एकाला वाद्याचा आवाज हवा असतो, दुसऱ्याला त्याचे मूळचे रूप. विजेची गिटार ही वाद्यांच्या कुळात अगदी धाकटी. तिचा जन्म विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. परंतु तिच्याही बाबतीत हा मतभेद आता पुरता रुजला आहे. १९६० च्या आसपासची, फारशी न वाजविता पेटीत जपून ठेवलेली आणि रंगावर ओरखडाही नसलेली गिटार मिळाली, तर हौशी संग्राहक तिच्यासाठी वाटेल तेवढे पैसे मोजतो. तीच गिटार कोणी पुन्हा रंगविलेली निघाली, तर तिचे मोल एकदम खाली येते.

अशा या बाजारात १७ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनच्या बॉनम्स या लिलावगृहात जी गिटार विक्रीस निघाली, ती पाहून एखाद्या नवख्या माणसाने ती मोडीतच काढली असती. तिचा रंग बहुतांशी उडून गेलेला होता. खालचे लाकूड उघडे पडून काळवंडले होते. खुंट्या एका जातीच्या नव्हत्या, पडदे मूळचे नव्हते. हातोडा पडला तो सात लाख पौंडांवर, आणि लिलावगृहाचे शुल्क धरून हा आकडा ८,८९,४०० पौंडांपर्यंत गेला. ही गिटार आयर्लंडचा वादक रोरी गॅलहर याची. इतकी खराब अवस्था आणि इतकी मोठी किंमत यांची सांगड कशी पडली, हे समजण्यासाठी त्या अवस्थेचाच इतिहास पाहावा लागतो.

विजेच्या गिटारला पोकळ पोटाची आवश्यकता नसते. सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारची पेटी तारेच्या कंपनाला घुमारा देते. येथे ते काम विजेकडे सोपविलेले असते. तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की त्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तो मोठा करून कर्ण्यातून ऐकवितो. म्हणून ही गिटार भरीव लाकडाची करता येते. अशी भरीव गिटार मोठ्या प्रमाणावर तयार करून विकण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावच्या लिओ फेंडर यास दिले जाते. हा गृहस्थ वादक नव्हता. रेडिओ दुरुस्त करणे हा त्याचा मूळचा धंदा. १९५० साली त्याने बाजारात आणलेल्या एका गिटारला 'ब्रॉडकास्टर' असे नाव दिले होते, हे ऐकून नभोवाणीच्या श्रोत्यांस गंमत वाटेल. दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांना तशाच उच्चाराचे नाव असल्याने ते बदलावे लागले आणि 'टेलिकॅस्टर' हे नाव रूढ झाले. नभोवाणी गेली आणि दूरचित्रवाणी आली! त्यापाठोपाठ १९५४ मध्ये निघाली ती 'स्ट्रॅटोकॅस्टर'. गॅलहरची गिटार याच जातीची, १९६१ च्या अखेरीस तयार झालेली.

फेंडरचा दुरुस्ती करणाऱ्याचा स्वभाव या वाद्याच्या घडणीत सर्वत्र उतरला आहे. व्हायोलिनची मान सरसाने जोडलेली असते. फेंडरने गिटारची दांडी चार स्क्रूंनी धडावर घट्ट आवळून टाकली. दांडी वाकली, स्क्रू काढा, दुसरी बसवा. विजेचे सारे भाग एका पातळ फळीवर जोडलेले. फळी उचलली की सर्व काही डोळ्यांसमोर. जो भाग झिजेल तो बदलावा आणि वाद्य पुन्हा कामाला लागावे, हीच त्याची कल्पना होती. आज संग्राहक ज्या 'मूळच्या भागां'साठी जीव टाकतात, त्यांविषयी प्रत्यक्ष निर्मात्यास एवढी भक्ती खासच नव्हती. वाद्याच्या अवस्थेचा विचार करताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

तथापि, संग्राहकाचे भिंग अगदीच निरुपयोगी असते असे नाही. एखाद्या जुन्या दप्तरातील कागदाची सही, शिक्का आणि तारीख तपासावी तशी या गिटारची तपासणी करता येते. दांडी जेथे धडास जोडलेली असते, तेथे मागील बाजूस धातूची एक चौकोनी पट्टी असते व तीवर क्रमांक ठोकलेला असतो. गॅलहरच्या गिटारवर ६४३५१ हा क्रमांक आहे. परंतु पट्ट्या कारखान्यात डब्यात पडून असत आणि हाताला येईल ती लावली जाई. म्हणून केवळ क्रमांकावरून वर्ष अंदाजानेच सांगता येते. अधिक भरवशाचा पुरावा आतमध्ये असतो. दांडीच्या टोकावर कारागिराने पेन्सिलीने वा शिक्क्याने तारीख टाकलेली सापडते. आवाज कमीअधिक करणाऱ्या कळीच्या पाठीवरही अंक असतात. त्यांतील पहिले अंक ती कळ बनविणाऱ्या कारखान्याचे, त्यापुढचे वर्षाचे आणि शेवटचे आठवड्याचे. निरनिराळ्या गिटारींचे जुने भाग एकत्र करून 'अस्सल जुनी' म्हणून विकणाऱ्यांचे बिंग अनेकदा हे अंकच फोडतात.

दांडीवरील पट्टी शिसवीची आहे. त्या काळी फेंडरच्या कारखान्यात ब्राझीलची शिसव वापरीत. पुढे ब्राझीलची जंगले ओसरू लागली, आणि १९९२ मध्ये त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले. त्याआधीपासूनच, साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात, गिटार बनविणारे भारतीय शिसवीकडे वळले होते. दक्षिण भारतातील घाटमाथ्याच्या जंगलातील ते लाकूड आज जगभरच्या गिटारींत आढळते. ज्या गिटारचे हे वर्णन चालले आहे, तिच्यात मात्र ते नाही.

रोरी गॅलहर याचा जन्म २ मार्च १९४८ रोजी डॉनेगॉल परगण्यातील बॅलिशॅनन येथे झाला आणि तो वाढला दक्षिणेकडील कॉर्क शहरात. त्या काळच्या आयर्लंडमध्ये गावोगावी नृत्यगृहे होती आणि त्यांत 'शोबँड' नावाचे वाद्यवृंद वाजवीत. एकसारखे पोशाख घालून, रांगेत उभे राहून, गाजलेली इंग्रजी-अमेरिकन गाणी हुबेहूब वाजवून दाखवावयाची, हा त्यांचा बाणा. गॅलहरच्या गिटारचा आरंभ या हौसेतच आहे. एका नामांकित शोबँडच्या वादकाने अमेरिकेहून तांबड्या रंगाची स्ट्रॅटोकॅस्टर मागविली होती. आली ती मध्ये पिवळी, मग तांबूस आणि कडेला काळी होत जाणारी, 'सनबर्स्ट' रंगाची. मनाजोगती तांबडी येईपर्यंत त्याने तीवर काम भागविले आणि नंतर ती कॉर्कच्या क्राउली यांच्या दुकानात विक्रीस आली, असे सांगतात. आयर्लंडमध्ये पोहोचलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकॅस्टर असाही समज आहे. १९६३ च्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांच्या रोरीने ती घेतली. किंमत शंभर पौंडांच्या आतबाहेर. शाळकरी मुलाच्या आवाक्यात ती नव्हतीच, म्हणून रक्कम हप्त्यांनी फेडावयाची ठरली. रंग चुकला नसता तर ही गिटार त्या दुकानापर्यंत आलीच नसती.

शोबँडमध्ये राहून हप्ते फेडता फेडता मुलाचे मन ब्लूजकडे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या त्या आर्त आणि तालबद्ध संगीताकडे ओढले गेले. १९६६ मध्ये त्याने 'टेस्ट' नावाचा स्वतःचा तिघांचा संच काढला. याच सुमारास डब्लिन येथे गाडीतून त्याची गिटार चोरीस गेली. काही दिवसांनी ती सापडली, एका खंदकात टाकून दिलेली. आयर्लंडचा पाऊस तो! ती किती तास भिजली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही; परंतु ओल लाकडात मुरली होती आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले होते. कोणीही शहाण्या मालकाने अशा वेळी वाद्य कारागिराकडे देऊन ते नव्याने रंगवून घेतले असते. गॅलहरने ते केले नाही, आणि पुढे आयुष्यभर केले नाही.

रंगाचा आणखी मोठा शत्रू पुढेच होता, तो म्हणजे वादकाचा घाम. त्या काळी गिटारवर नायट्रोसेल्युलोजचे रोगण फवारीत. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून तयार होणारा हा पदार्थ मोटारगाड्यांच्या रंगकामासाठी प्रसिद्ध होता. त्याचा थर पातळ असतो, वर्षानुवर्षे तो सुकत व पिवळा पडत जातो, थंडीउष्णतेच्या फरकाने त्यास तडे जातात, आणि मानवी घाम त्यावर सतत मुरला तर तो मऊ होऊन सुटतो. गॅलहर दोनदोन तास, कधी त्याहून अधिक वेळ, धावत-उड्या मारत वाजवी. कार्यक्रम संपताना त्याचा सदरा पिळून काढावा इतका ओला असे. वर्षात शेकडो रात्री हे चाले. परिणामी उजव्या बाहूचे कोपर जेथे टेकते ती वरची कड प्रथम उघडी पडली, मग तारांखालची जागा, मग उरलेली. वादकाच्या शरीराची ठेवण आणि हाताची फेक या उघड्या लाकडावरून जवळजवळ नकाशासारखी वाचता येते. सांधेकऱ्याच्या दृष्टीने हा बिघाड आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र हा प्रथम दर्जाचा पुरावा आहे, कारण तो कोणी हेतुपुरस्सर लिहून ठेवलेला नाही.

ओल दांडीतही शिरली. एका काळी ती इतकी फुगली व वाकली की तिजवर सूर धरेना. तेव्हा ती काढून दुसरी लावण्यात आली, मूळची वाळत ठेवली गेली, आणि कालांतराने ती सुधारल्यावर पुन्हा आपल्या जागी आली. फेंडरचे चार स्क्रू येथे सार्थकी लागले. पडदे झिजले तसे पुन्हा बसविले. विजेचे भाग वेळोवेळी बदलले गेले. मूळच्या खुंट्या गेल्या. आज जे सहा खुंट्यांचे संच आहे त्यातील पाच एका कारखान्याच्या व एक दुसऱ्याच, कारण दौऱ्यावर असताना जी मिळाली ती लावली. बाराव्या पडद्याजवळची खूण गळून पडली, तेथे प्लास्टिकची पांढरी टिकली बसविली. ती शेजारच्या मातकट टिकल्यांत चटकन डोळ्यांत भरते.

मग ही गिटार तीच राहिली काय? प्रश्न पांडित्याचा वाटतो, परंतु लिलावाच्या यादीत तो फार व्यवहाराचा असतो. जुन्या वाड्याची कौले दर पावसाळ्याआधी शाकारतात, वासे बदलतात, कधी एखादी भिंत नव्याने घालतात, तरी वाडा तोच राहतो. कारण त्यात वस्ती खंडित झालेली नसते. मिरजेचा तंबोरा घेतला तरी तेच. तारेच्या घर्षणाने घोडीवर चर पडतात आणि जवारी जाते. कारागीर घोडी घासून जवारी पुन्हा काढतो. त्या तंबोऱ्याची मूळची घोडी घासली गेली म्हणून कोणी गवई हळहळत नाही. न वाजणाऱ्या तंबोऱ्याची त्याला अधिक हळहळ वाटते. गॅलहरच्या गिटारचा वापर १९६३ पासून त्याच्या अखेरपर्यंत एकाच हाती, अखंड राहिला. दुरुस्त्या झाल्या त्या वाजविण्यासाठी झाल्या, दाखविण्यासाठी नव्हे. बाजाराच्या कोष्टकात 'बदललेले भाग' हा दोष म्हणून नोंदला जातो. येथे मात्र ती कामाची रोजनिशीच होय.

त्या कामात एक प्रकरण विशेष मोलाचे आहे. १९७० नंतरच्या वर्षांत उत्तर आयर्लंड बाँबस्फोटांनी व खुनांनी हादरून गेले होते. बाहेरचे कलावंत बेलफास्टला जाण्यास धजत नसत. गॅलहर मात्र तेथील अल्स्टर हॉलमध्ये वर्षामागून वर्षे येऊन वाजवीत राहिला. त्याचे श्रोते कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोन्ही वस्त्यांतून येत आणि ते दोन-तीन तास एका छपराखाली बसत. १९७४ साली टोनी पामर याने त्याच्या आयर्लंडच्या दौऱ्यावर चित्रपट काढला. त्यात ही गिटार जवळून दिसते, आणि त्या वेळीच तिचा बराचसा रंग गेलेला होता हेही दिसते. ४ जानेवारी २०२५ रोजी त्याच अल्स्टर हॉलजवळ गॅलहरच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळ्याच्या हातीही अर्थातच गिटार आहे.

आता एका विचित्र गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. झिजलेली गिटार लोकांच्या मनात इतकी भरली की झीज ही विकत मिळू लागली. १९९५ पासून फेंडर कंपनीच्या खास विभागाने नव्या गिटारी मुद्दाम खरवडून, रंगाला तडे पाडून, धातूला गंज चढवून विकण्यास आरंभ केला, आणि त्यास 'अवशेष' या अर्थाचे नाव दिले. काही वर्षांतच गॅलहरच्या गिटारची हुबेहूब प्रतिकृतीही निघाली: तीच उडालेली रंगाची किनार, बाराव्या पडद्याजवळची तीच चुकार टिकली. प्रतिकृती करणाऱ्यांचे कसब वादातीत आहे. परंतु घासकागदाने तासाभरात केलेले खरवडणे आणि तीस वर्षांच्या हाताने केलेले खरवडणे यांत फरक राहणारच. दस्तऐवजाची नक्कल कितीही बारकाईने केली तरी ती मूळ व्यवहाराचा साक्षीदार होऊ शकत नाही.

रंग उडाल्याने गिटारचा आवाज सुधारला, लाकूड 'श्वास घेऊ लागले', असे भाविकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. भरीव लाकडाच्या आणि चुंबकाने आवाज उचलणाऱ्या वाद्यात वरच्या पातळ थराचा प्रभाव फार मोठा असण्याचे कारण दिसत नाही. तारांची जाडी, चुंबकांची शक्ती, ध्वनिवर्धक आणि सर्वांत अधिक वाजविणाऱ्याचा हात, यांवर तो आवाज ठरतो. गॅलहर दुसरी गिटार हाती घेई तेव्हाही तो गॅलहरसारखाच वाजे. झिजेचे महत्त्व तिच्या ध्वनीत शोधण्यात अर्थ नाही.

१४ जून १९९५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, यकृतरोपणानंतरच्या गुंतागुंतीने लंडन येथे गॅलहरचा मृत्यू झाला. त्यानंतर गिटार त्याचा धाकटा भाऊ व व्यवस्थापक डोनल याच्या ताब्यात राहिली. तिने एकदा लोकांसमोर पुन्हा आवाज केला तो २०११ मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ येथील नाट्यगृहात, अमेरिकन वादक जो बोनामासा याच्या हातात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती लिलावात निघणार असे जाहीर होताच आयर्लंडमध्ये खळबळ उडाली. जेथून ती ६१ वर्षांपूर्वी विकली गेली होती, त्या दुकानदाराच्या कन्येनेच ती कॉर्कला परत आणण्यासाठी वर्गणीची मोहीम काढली. वर्गणी लिलावाच्या किमतीपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. अखेर आयरिश कार्यक्रम-संयोजक डेनिस डेसमंड यांच्या कंपनीने ती घेतली आणि सरकारच्या साहाय्याने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयास देण्याचे ठरले. कोणा धनिकाच्या तिजोरीत ती जाऊन पडली नाही, हे चांगलेच झाले.

परंतु संग्रहालयापुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. इटलीतील जेनोआ शहराकडे पागानिनीचे १७४३ सालचे व्हायोलिन १८५१ पासून आहे. ते काचेत असते, पण ठराविक प्रसंगी बाहेर काढून निवडक वादकांकडून वाजविले जाते. न वाजविलेले व्हायोलिन मुके होते असा तेथील जाणत्यांचा अनुभव आहे. विजेच्या गिटारचे तसे नाही. तिचे लाकूड वाजविल्यावाचून फारसे बिघडत नाही. उलट, वाजविले की बिघडते. तारा ताणून ठेवल्या तर दांडीवर भार पडतो, अगदी सैल सोडल्या तर आतील पोलादी सळईचा ओढा दांडीला उलट दिशेने वाकवू शकतो. हवेतील दमटपणा एका ठराविक मापात ठेवावा लागतो. उघड्या लाकडावर नवे रोगण चढविले तर ते सुरक्षित होईल, परंतु ज्यासाठी ते ठेवावयाचे तेच नाहीसे होईल. आणि संग्रहालयांत सर्वसाधारण नियम असा की अशा वस्तूस उघडा हात लावावयाचा नाही, हातमोजे घालावयाचे. कारण माणसाच्या बोटांवरील घामाने रोगण खराब होते.